आप्पांचा लाकडी चंद्र

निपाणीतल्या निम्म्या संसारांना आप्पांनी चंद्रावर बसवलं होतं, पण माणूस चंद्रावर जाऊन आला ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी मान्य केली नाही. कुणी विषय काढला की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "गेलं असतील. मी कुठं न्हाय म्हनतो? पर मला फोटो दाखवू नगासा." आप्पा फोटोग्राफर होते. फोटोग्राफरनेच फोटो दाखवू नका म्हणावं, याचा अर्थ मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लागला नाही. लागायला पुढे बारा-चौदा वर्षं गेली, आणि तो लागल्यावर जे काही कळत होतं त्यातलंही बरंचसं कळेनासं झालं.

आप्पांचा चंद्र लाकडी होता. बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचा स्टुडिओ. पुढे काउंटर आणि एक बाकडं, आत फोटो काढायची लांबट खोली, आणि त्या खोलीच्या एका अंगाच्या छपराला काचेची कौलं. तिथं भिंतीला टेकून फणसाच्या फळ्यांची पुरुषभर उंचीची चंद्रकोर उभी असायची. दर दिवाळीला आप्पा तिच्यावर नवी बेगड चढवायचे. मागे काळा पडदा आणि त्याला टाचलेल्या बेगडीच्याच चांदण्या. नवं लग्न झालेलं जोडपं बाजाराला आलं की चंद्रावर बसून फोटो काढल्याशिवाय गावी परतायचं नाही. "दोघांनीच बसायचं. तिसरं बसलं की चंद्र कलतोय," हा आप्पांचा नियम. एकदा एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं स्वतः, बायको आणि सासू असं तिघांनी बसायचा हट्ट धरला आणि चंद्र मधोमध कडाडला. आप्पांनी त्याला लोखंडी पट्टी मारली आणि पट्टीवरही बेगड लावली. फोटोत ती पट्टी कुणाला कधी दिसली नाही.

दुकानाच्या पाटीवरही नुसती चंद्रकोर रंगवलेली होती, अक्षर एकही नाही. त्या वर्षांत आमच्याकडे पाट्यांवरून काय काय चालायचं ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. मराठी पाटीला एकाकडून डांबर, कन्नड पाटीला दुसऱ्याकडून. आप्पांच्या पाटीपाशी येऊन दोन्हीकडची पोरं घुटमळायची आणि पुढे जायची. "चंद्र कुनाच्या हद्दीत हाय ते आधी ठरवून या म्हनावं," असं आप्पा आतून म्हणायचे, अर्थात पोरं पुढे गेल्यावर.

मी तेव्हा नुकतीच एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले होते. शाळा सुटल्यावर माझी घरची वाट आप्पांच्या बोळातूनच जायची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, ती दिवेलागणीपर्यंत यायची नाही. तोवर आप्पांच्या बाकड्यावर टेकायचं, मागच्या घरातून आप्पांच्या बायकोनं, काकींनी, पाठवलेला चहा घ्यायचा आणि आप्पांशी भांडायचं, हा माझा रोजचा नेम. चारचौघांत आप्पा मला 'बाई' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. त्यात मान कमी, चेष्टा जास्त. दुकानात दुसरं कुणी नसलं आणि बोलणं मनातलं असलं की मात्र 'पोरी' आणि 'तू'. त्यांनी मला मांडीवरची असल्यापासून पाहिलं होतं. आमच्या घरातला एकुलता एक फोटो त्यांच्याच हातचा होता.

आप्पांची फोटो बघायची रीत वेगळी होती. कुठलाही फोटो हातात आला की आधी तो उलटा धरायचे, डोकं खाली आणि पाय वर. एक डोळा मिटायचा आणि कानावरची रीटचिंगची पेन्सिल काढून तिच्या टोकानं हवेतच काहीतरी दुरुस्त करायचे. पेपरसुद्धा उलटाच धरून बघायचे, त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, या गृहस्थाला वाचता येत नसावं. मी विचारलं तर म्हणाले, "सरळ धरला की मानूस दिसतोय. मग आपन त्याच्या तोंडाकडं बघत बसतो, कोन हाय, कुनाचा हाय. उलटा धरला की नुसता उजेड दिसतोय."

पेपरात चंद्रावरचे फोटो यायला लागले, तेव्हा शेजारच्या दवाखान्यातले कंपाउंडर हमखास तावातावानं यायचे. त्यांचा पक्ष असा की हे सगळं एखाद्या माळावर रचलेलं नाटक आहे. "आप्पा, आभाळ काळं हाय, मग चांदन्या कुठायत? एक तरी दाखवा!" मी तोंड उघडायच्या आत आप्पाच त्यांना झाडायचे. "गप रं! भगभगीत उन्हात पांढरं कापड घातल्याला मानूस टिपायचा म्हंजे उजेड किती कमी घ्यावा लागतोय, हाय का ठावं? त्यात चांदन्या कशा उमटतील? माझ्या पडद्यावरच्या उमटत्यात, कारन त्या बेगडीच्या हायत." मग वारा नसताना निशाण ताठ कसं, असं कंपाउंडरांनी विचारलं की, "वरनं आडवी काठी घातलीया. एवढं डोस्कं तुला असतं तर तू डॉक्टर न्हवतास झाला?" मी आनंदानं म्हणायची, "म्हणजे गेले होते ना, आप्पा?"

"न्हाय."

"आता का नाही? सगळ्या शंका तर तुम्हीच खोडल्या!"

"शंका खुळ्यावानी हुत्या म्हनून खोडल्या. फोटोत चूक न्हाय म्हनून तर माझा इस्वास न्हाय. असला फोटो मला बी जमला असता."

या माणसाशी वाद कसा घालायचा ते मला कधी समजलं नाही. चूक दाखवली तर खोटा, चूक नसली तरी खोटा. मी फळ्यावर रॉकेट काढून पोरांना गुरुत्वाकर्षण समजावणारी, कॉलेजात पहिली आलेली बाई. आणि बोळातल्या एका बाकड्यावर रोज हरून घरी जात होते. शेवटी मी चिडून म्हणाले, "जमला असता, जमला असता म्हणता, तर दाखवा काढून!" आप्पांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "राख किती आनतीस?"

चंद्रावरच्या धुळीत उमटलेल्या पावलाचा फोटो एका मासिकात आला होता, तसाच काढायचं ठरलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या चुलीची राख मी दोन डबे भरून आणली. चाळायला आईची वखारीतली जुनी चाळण घेतली, आणि तिथंच घात झाला. चाळणीच्या भोकांत वर्षानुवर्षांची तंबाखूची पूड बसलेली. राख पसरून, त्यावर टायरच्या तळाचं पायताण दाबून, एका बाजूनं दिवा खाली लावून आप्पा कॅमेऱ्यामागे वाकले आणि असे शिंकले की चंद्रावर वादळ झालं. दुसऱ्या पावलाला मी शिंकले. तिसऱ्या वेळी दोघांनी नाकाला फडकी बांधली. फोटो धुऊन वर आला. मासिकातलं पाऊल आणि टायरच्या पायताणाचं पाऊल शेजारी ठेवलं, तर डोळे मिटून उघडल्यावर कुठलं कुठलं ते मला सांगता येईना.

बेळगावात विज्ञान प्रदर्शन होतं. मी दोन्ही फोटो घेऊन गेले आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'यांतला खरा कोणता? का?' पोरांनी पुरावा तपासायला शिकावं, एवढाच माझा हेतू. तपासायला आलेले साहेब कन्नड होते, मोठे प्रेमळ. आप्पांच्या फोटोपाशी थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "भाळ छलो ऐती!" म्हणजे फारच छान आहे. मग मासिकातल्या खऱ्या फोटोवर बोट ठेवून मोडक्या मराठीत म्हणाले, "हे मात्र खोटं दिसते." मी म्हटलं, साहेब, उलट आहे, तुम्हाला आवडला तो निपाणीत काढलाय, चुलीची राख आहे. ते पोट धरून हसले. बाई विनोदी आहेत असं त्यांनी शेजारच्याला कन्नडमध्ये सांगितलं आणि आम्हाला प्रमाणपत्र दिलं. खडेबाजारातून कुंद्याची मिठाई घेऊन मी निपाणीला आले, ती थेट स्टुडिओत. हसत हसत आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा हसले नाहीत. कुंद्याचा पुडा तसाच काउंटरवर ठेवून म्हणाले, "म्हंजे आता कुनी बी कायबी दाखवावं आनि लोकांनी व्हय म्हनावं. माझ्या हातनं हे बरं झालं न्हाय."

त्यांचं असं तोंड उतरलेलं मला आवडायचं नाही. अशा वेळी मी माझा हुकमाचा एक्का काढायची. "फोटोवर विश्वासच ठेवायचा नाही, तर मग आमच्या घरातला फोटो? तोही खोटाच म्हणा की!" हे ऐकलं की आप्पा उठायचे आणि आत धुवायला टाकलेले फोटो बघायला जायचे. मला वाटायचं, जिंकले. इतकी वर्षं मी याच एका मुद्द्यावर त्यांना हरवत होते.

त्या फोटोविषयी सांगायला हवं. खुर्चीवर आई, तिच्या मांडीवर सहा महिन्यांची मी, आणि बाजूला उभे माझे वडील. आई मान वर करून त्यांच्याकडे बघतेय. आणि वडील मान खाली घालून, किंचित हसत, माझ्याकडे. इतरांच्या घरातल्या फोटोंत बाप म्हणजे कॅमेऱ्याकडे डोळे वटारून उभे राहिलेले, जसे काही कॅमेरा त्यांचं काही देणं लागतो. आमच्या फोटोतला बाप माझ्याकडे बघत होता. मला त्यांची आठवण काही नाही. "तू वर्साची हुतीस तवा गेले," असं आई सांगायची. रोज सकाळी ती पदरानं त्या फोटोची काच पुसायची, आणि घरात कुणी नवी बाई पहिल्यांदा आली की पाणी द्यायच्या आधी तिला फोटो दाखवायची. त्या माणसानं मला पाहिलं होतं, मी त्यांना आवडले होते, याचा जगात एवढा एकच पुरावा, आणि तो माझ्या भिंतीवर होता. विज्ञानाच्या बाईला याहून जास्त काय हवं?

मग आपला एक माणूस रशियन लोकांबरोबर अंतराळात गेला, ते दिवस आले. तो वरून दिल्लीशी बोलणार म्हणून आप्पांनी रेडिओ काउंटरवर आणून ठेवला होता. खरखरीतून त्याचा आवाज आला तेव्हा माझे डोळे भरून आले. कंपाउंडर म्हणाले, "दिल्लीतच एखाद्या खोलीत बसून बोलत असंल." मी आप्पांकडे बघितलं, आता काय म्हणतात म्हणून. ते रेडिओला कान लावून बसले होते, डोळे मिटून. आवाज संपल्यावरही तसेच बसून राहिले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "फोटो असता तर सांगितलं असतं. आवाजाला सावली नसती. मग खोटं वळखायचं कसं?"

"म्हणजे दोन फोटो कातरून एक जोडलेला असला तर सावलीवरून ओळखता येतो?" मी विचारलं. इतकी वर्षं मी त्यांना हेच विचारत होते आणि ते सांगत नव्हते.

आप्पांनी डोळे उघडले. "मी कुठं असं म्हनलो?"

"आत्ताच म्हणालात!"

"त्यातलं मला काय कळत न्हाय, पोरी."

कंपाउंडर समोर बसलेले असताना त्यांनी मला 'पोरी' म्हटलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आणि चाळीस वर्षं सावल्या कोरत बसलेला माणूस सावलीतलं आपल्याला कळत नाही म्हणतो, हेही कधी झालं नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठले. का उठले, मला नीट सांगता येणार नाही.

घरी आले तेव्हा आई देवळात गेली होती. मी फोटो खिळ्यावरून काढला, दारात उजेडाला नेला आणि आप्पांसारखा उलटा धरला. उलटा धरल्यावर आई दिसेना, मी दिसेना, वडीलही दिसेनात. नुसता उजेड दिसायला लागला. आईच्या नाकाची सावली एका बाजूला पडली होती. माझ्या इवल्याशा नाकाची त्याच बाजूला. आणि उभ्या माणसाच्या नाकाची सावली दुसऱ्या बाजूला. दोघींवर काचेच्या कौलांचा उजेड होता. त्यांच्यावरचा उजेड वेगळ्याच कुठल्या तरी जागेचा, वेगळ्याच कुठल्या तरी दिवसाचा होता. मी तो फोटो सरळ धरला, पुन्हा उलटा धरला. कितीदा तरी केलं. मग आई यायच्या आत परत खिळ्याला लावला, आणि तो वाकडा लागलाय म्हणून आई आल्यावर तिनंच सरळ केला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून मी स्टुडिओत गेले. आप्पा आतल्या खोलीत चंद्राच्या पायाशी बसून बेगड कातरत होते. मी म्हटलं, "आप्पा, बाबांची सावली उलटी पडलीय." त्यांनी कात्री खाली ठेवली. कधीतरी हे होणार याची वाट बघून दमलेल्या माणसासारखे ते मला वाटले.

"त्याला आरशातल्यावानी उलटा छापला असता तर सावली जुळली असती," आप्पा म्हणाले. आधी त्यांना आपल्या कामातली चूकच सांगावीशी वाटली. "पर मग तुझ्या बापाचं तोंड भित्तीकडं जात हुतं. बरं, त्याला दुसऱ्या अंगाला हुबा करावा, तर तुझी आई वर बघतिया ती कुनाकडं? मी तिला म्हनलो हुतो, समूर बघा. तिनं ऐकलं न्हाय. रिकाम्या जागंकडं बघत बसली. मग म्हनलं, सावली चुकंना का. सावली कोन बघतंय?"

ते सांगत गेले ते असं. माझी आई खानापूरकडच्या एका खेड्यातून मला घेऊन एकटीच निपाणीला आली होती. स्टुडिओत आली तेव्हा मी सहा महिन्यांची होते आणि ती विधवा होती. कनवटीला एक गटाचा फोटो होता. वडील बेळगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे, तिथल्या सगळ्या कामगारांचा. "ती म्हनली, आमच्या गावात माझ्या लेकीला पांढऱ्या पायाची म्हनत्यात. बापाला खाल्लं म्हनत्यात. हितं कुनाला म्हनू देनार न्हाय. मला असा फोटो पायजे की पोरगी एवढी झाली तरी बाप जित्ता हुता. मी फुडं काय इचारलंच न्हाय. तेवढं पुरं झालं मला."

आमच्या घरी नवी बाई आली की पाण्याच्या आधी फोटो का पुढे यायचा, ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. मला निपाणीत कुणी कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही. लग्नकार्यात ओवाळायला पुढे केली, डोहाळजेवणाला बोलावली. तो फोटो माझ्यासाठी काय करत होता, याचा मला पत्ताच नव्हता. मी त्याला विज्ञानाचा पुरावा समजत होते.

"आणि ते माझ्याकडे बघतायत ते?"

आप्पांनी मांडीवरचे बेगडीचे तुकडे झटकले. "ऐन वक्ताला त्यांच्या पायात कुत्रं आलतं," ते म्हणाले. "गटातली बाकीची समूर बघत्यात. तुझा बाप कुत्र्याकडं बघून हसतोय."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. मग जे विचारायला आले होते ते मी विचारलं. "आप्पा, त्यांनी मला बघितलं होतं का? मी पोटात असताना गेले का झाल्यावर?"

"मला ठावं न्हाय, पोरी. आईची आन. फोटो दिला तवा तुझ्या आईनं लई येळ बघितला. मग म्हनली, 'व्हय. अस्संच बघायचे.' कुनाकडं बघायचे, ते मी इचारलं न्हाय. इचारायला पायजे हुतं. त्या दिसापासनं माझा फोटोवरचा इस्वास उडाला. मी कातरून चिकटवल्यालं माझ्या डोळ्यादेखत तिला आठवाय लागलं."

मी खाली बसून बेगडीचे तुकडे गोळा करायला लागले. शेवटी आप्पाच म्हणाले, "एक सांगू? फोटो खोटा हाय, म्हनून गोष्ट खोटी, असं कुठाय? बघितलं बी असंल त्यानं तुला. अस्संच बघितलं असंल."

"मग चंद्राचंही तसंच म्हणा की."

"चंद्राचं ह्यात कशाला आनतीस?" आप्पा एकदम चिडले. त्या दिवशी आमच्यात तेवढंच एक नेहमीसारखं बोलणं झालं.

आईला विचारावं, एवढं सोपं होतं. पण मला ते जमेना. नुसतं विचारणं म्हणजे तिला खोटी ठरवणं. एकदा भाकरी थापताना मी आडून विचारलं, "आई, बाबा मला मांडीवर घ्यायचे का गं?" ती परातीतून वर न बघता म्हणाली, "घेत न्हवते तर! किती कवतिक हुतं. फोटोत बघ की." मी फोटोत बघितलं. फोटो जसा होता तसाच होता. त्यानंतर वर्गात चंद्राचा धडा आला की माझी पंचाईत व्हायची. एखादी पोरगी विचारायची, "बाई, मानूस खरंच गेलता का?" मी म्हणायची, गेला होता. "कशावरनं?" असं विचारलं की पूर्वी मी फोटो काढून दाखवायची, आता खडू हातात घेऊन काहीतरी दुसरंच सांगत बसायची.

दोन वर्षांनी आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पेन्सिलीचा हात गेला. काकी आधीच वारल्या होत्या, म्हणून मुलगी त्यांना बेळगावला खासबागेत आपल्या घरी घेऊन गेली. मी भेटायला जायची. बोलणं जड झालं होतं, पण पेपर ते अजून उलटाच धरायचे, डाव्या हातानं. शेवटच्या भेटीत मी मुद्दाम डिवचलं, "आप्पा, आता तरी खरं सांगा. गेला होता की नाही माणूस चंद्रावर?" ते ओठाच्या डाव्या कोपऱ्यानं हसले. एकेक शब्द जुळवून म्हणाले, "गेला असंल. फोटो काढाय नगं हुता." त्यानंतर महिनाभरात ते गेले. माझ्या आयुष्यातला खोटारडेपणाचा सगळा उद्योग त्यांनीच केला होता, आणि मला बाप गेल्यासारखं वाटलं. ज्याला मी पाहिलं होतं आणि ज्यानं मला पाहिलं होतं, असा बाप.

स्टुडिओ विकला गेला. चंद्र कुणाला नको होता, तो मी शाळेत नेऊन ठेवला. आप्पांची मुलगी सामान आवरायला निपाणीला आली तेव्हा तिनं मला एक पाकीट दिलं. वर डाव्या हातानं काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती, 'बाईंसाठी'. आत दोन फोटो निघाले. एक छापखान्यातल्या गटाचा. त्यात माझे वडील खरोखरच एका मरतुकड्या कुत्र्याकडे बघून हसत होते, आणि तो माणूस मला फार आवडला. दुसरा आमचाच फोटो, जोडायच्या आधीचा. खुर्चीवर आई, मांडीवर मी, आणि शेजारी कुणी नाही. वडील जिथं उभे असायचे तिथं मागच्या लाकडी चंद्राचं टोक चमकत होतं. आई मान वर करून त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. आमच्या घरातल्या फोटोत ती बघते तशीच, जराही फरक नाही. सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडल्या होत्या. मी तो उलटा धरून बघितला. हा फोटो खरा होता.

आता आईला विचारायचंच, असं ठरवून मी घरी आले. आई ओसरीवर बसली होती. मी तो फोटो काही न बोलता तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला आणि बघत राहिली. तिच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडल्या.

"अगं," ती म्हणाली, "ह्यातनं त्यास्नी कुनी काढलं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खरंच विचारत होती का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

"आप्पांनी," मी म्हणाले. "चेष्टा केली असेल."

आईनं पदरानं फोटो पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"आप्पा तसलंच हुतं," ती म्हणाली. "कशावर म्हनून इस्वास न्हवता बघ त्यांचा."